गोळ्यांचा खरा आकडा

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असा तपशील वगळून, थोडक्यात) :

सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या ४४ वर्षांच्या बाईंचं हे पत्र आहे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मणक्यातली गादी सरकली, ऑपरेशन झालं. घरी सोडताना ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी ‘दुखलं तर घ्या’ म्हणून लिहून दिली होती. सुरुवातीला दिवसाला दोन गोळ्या होत्या, त्या आता आठ झाल्या आहेत. परीक्षेच्या आणि सणावाराच्या दिवसांत बारापर्यंत जातात. जुन्या चिठ्ठीच्या झेरॉक्सवर तारीख बदलून त्या तीन वेगवेगळ्या मेडिकलमधून गोळ्या आणतात. सासूबाईंना गुडघ्यांसाठी तीच गोळी सुरू आहे. त्यांच्या पाकिटातल्याही घेऊन झाल्या. फॅमिली डॉक्टरांना त्यांनी ‘कधीतरी एक-दोन घेते’ एवढंच सांगितलं आहे. त्या डॉक्टरांनी उदास वाटतं म्हणून गेल्या वर्षी एसिटालोप्राम सुरू केलं. दोनदा गोळ्या एकदम सोडून पाहिल्या, एकदा श्रावणात नेम म्हणून आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीत. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी नेम मोडला. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नाही. त्या लिहितात, “मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. शाळेत व्यसनमुक्तीची शपथ मुलांना मी देते. आता मे महिन्यात माहेरी जाऊन कायमच्या सोडायच्या असं ठरवलंय. मनोनिग्रह वाढवायला काय करू? आणि ह्यांना सांगू का?”

ताई,

तुम्ही मागितलेल्या दोन गोष्टींपैकी एक मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मनोनिग्रह वाढवायचे उपाय माझ्याकडे नाहीत, आणि तुम्हाला त्यांची गरज आहे असं मला वाटतही नाही. ऑपरेशननंतर दोन महिन्यांत फळ्यासमोर उभी राहिलेली, दहावीचा एक तास चुकू न देणारी बाई निग्रहात कमी पडतेय असं तुमच्या पाचही पानांत कुठे दिसलं नाही. उलट निग्रह जरा जास्तच झालाय. त्याच्याच जोरावर चार वर्षं हे सगळं एकटीनं ओढलंत.

आणि मे महिन्याचा तो बेत कृपा करून रद्द करा. माहेरी जा, आंबे खा, पण गोळ्या एकदम बंद करायला म्हणून जाऊ नका. मी डॉक्टर नाही, उपचार ठरवणं डॉक्टरांचंच काम. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी माहीत असलेलं बरं असं बरंच काही आहे, तेवढं लिहिते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते तीन शब्दांचं उत्तर: ‘कधीतरी एक-दोन’. चिठ्ठीवरच्या खाडाखोडीपेक्षा किंवा सासूबाईंच्या पाकिटापेक्षाही ते जास्त खुपलं. कारण त्या एक-दोनवर विश्वास ठेवूनच तुमच्या डॉक्टरांनी पुढचं सगळं ठरवलं. तुम्ही गणिताच्या बाई, तेव्हा हा हिशेब एकदा मांडूनच बघू. पाकिटाची मागची बाजू वाचा. या जोडगोळीत बहुतेक वेळा ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. आठ गोळ्या म्हणजे ३०० मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि २,६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. बारा म्हणजे ४५० आणि ३,९००. ट्रामाडॉलची मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे. त्यापुढे फिट येण्याचा धोका वाढत जातो. सोबत एसिटालोप्रामसारखं औषध असेल तर मर्यादेच्या आतही तो धोका असतो, शिवाय अंग थरथरणं, घाम, ताप, घालमेल असा वेगळाच त्रास उद्भवू शकतो. पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. पेपर तपासताना डोकं चढलं म्हणून ६५०च्या दोन गोळ्या वरून घेता असं तुम्ही सहज लिहून गेलात. बाराच्या दिवशी त्या घेतल्या तर बेरीज ५,२०० होते. हे लिव्हरवर जातं, आणि लिव्हर बराच काळ काही बोलत नाही.

घाबरवायला हे लिहीत नाही. बेरीज तुम्हाला पहिल्यापासून येत होती, फक्त ती कागदावर मांडली नव्हती. आणि जो आकडा डॉक्टरांना माहीतच नाही, त्याच्यावर उपचार कुठलाही डॉक्टर करू शकत नाही. गोळ्या बंद करणं हे या सगळ्यातलं शेवटचं काम आहे. पहिलं काम आहे खरा आकडा सांगणं. माझं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचायला लागलं तर चालवून घ्या.

आता तुमचे नेम का मोडले ते बघू.

ट्रामाडॉल हे अफूच्या गटातलं कृत्रिम औषध आहे. जर्मनीत १९७७ साली ते बाजारात आलं आणि बरीच वर्षं ‘सौम्य’ म्हणून जगभर लिहून दिलं गेलं. पण ते दोन बाजूंनी काम करतं. एकीकडे अफूसारखं वेदना बधिर करतं, दुसरीकडे उदासीवरच्या औषधांसारखं मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन वाढवतं. “गोळी घेतली की पाठ तर थांबतेच, पण वीस माणसांचा स्वयंपाक करायचाही हुरूप येतो,” असं तुम्ही शरमेनं लिहिलंय. त्यात शरमेचं काही नाही, औषध नेमकं तेच करतं. पण शरीराला दोन्हींची सवय लागली की सोडतानाही दोन्ही बाजूंनी हिसका बसतो. नाक गळणं, सारख्या जांभया, अंगावर काटा, पोट बिघडणं, रात्रभर पाय झाडणं ही झाली एक बाजू. कारण नसताना धडधड, रडू, कानशिलात वीज चमकल्यासारखं वाटणं ही दुसरी. तुमचं दिवाळीतलं वर्णन तंतोतंत हेच आहे. घरच्यांनी ते ‘व्हायरल’ समजून काढा पाजला आणि तुम्ही ते आपल्या नालायकीचा पुरावा समजलात.

हा त्रास साधारणपणे शेवटच्या गोळीनंतर अर्ध्या-एक दिवसात सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतो आणि आठ-दहा दिवसांत बराच उतरतो. झोप आणि मन जागेवर यायला मात्र काही आठवडे लागतात. म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही कळसाच्या दिवशी परतलात. मग यावेळी दात-ओठ खाऊन चौथा दिवस गाठू, असा विचार तुमच्या मनात आत्ता येतोय हे मला कळतंय. नको. चार वर्षांची सवय, बाराचा आकडा, वर एसिटालोप्राम, आणि दिवाळीत त्रास असह्य झाल्यावर घेतलेली सासूबाईंची झोपेची गोळी, हे सगळं एकत्र धरलं तर घरच्या घरी तो प्रयोग करण्यासारखा राहत नाही. झोपेची गोळी आणि अफूच्या गटातलं औषध एकत्र गेलं तर श्वास मंदावू शकतो, जिवावर बेतू शकतं. खंबाटकीचा घाट उतरताना कोणी गाडी न्यूट्रलवर टाकत नाही. इथेही खालच्या गिअरवर, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं आहे.

आणखी एक धोका फारसं कोणी सांगत नाही. काही दिवस गोळी थांबली की शरीराची ती मात्रा पचवायची ताकद कमी होते. अशा वेळी मन खचून कोणी थेट जुन्या आकड्यावर परतलं, तर कालपर्यंत चालणारी मात्रा आज जड जाते. म्हणून हिसक्यानं सोडणं आणि हिसक्यानं परत धरणं यांची साखळी तोडायला हवी.

“पण माझी पाठ खरंच दुखते हो,” असं तुम्ही दोनदा लिहिलंय. दुखत असणार, माझा विश्वास आहे. फक्त एक शंका मनात ठेवा. पहाटे पाचला पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत जी ठणक लागून जाग येते, ती सगळी मणक्याचीच असते का? रात्रीची गोळी तोवर उतरलेली असते. अंगदुखी हे गोळी उतरल्याचंही लक्षण आहे. शिवाय या गटातली औषधं दीर्घकाळ घेतली तर काही जणांमध्ये वेदनेची संवेदना उलट तीव्र होते. पूर्वी नुसतं अवघडायचं ते आता ठणकू लागतं. तेव्हा आज जी पाठ तुम्हाला जाणवतेय त्यातला मणक्याचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे गोळी सावकाश खाली आल्याशिवाय कळायचं नाही. बऱ्याच जणांना त्यानंतर दुखणं वाढण्याऐवजी कमी झाल्याचं जाणवतं. तुमचंही तसंच होईल असं वचन देत नाही.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तुमच्या पत्रातल्या गोळ्यांच्या वेळा मी वेगळ्या लिहून काढल्या. पहाटे साडेपाचला दोन, डबे करायच्या आधी. पावणेअकराला दोन, शाळेत पोचल्यावर. साडेचारला एक. संध्याकाळी सातला दोन, ओट्यापाशी उभं राहायच्या आधी. झोपताना एक. या आठातली फक्त झोपतानाची ‘दुखत होतं म्हणून’ घेतलेली आहे. बाकीच्या सात ‘दुखेल म्हणून’, खरं तर काम उरकायचं म्हणून. ताई, तुमच्या घरात ही गोळी स्वयंपाकीण म्हणून नोकरीला आहे. दोन वेळच्या चपात्या, सासऱ्यांची ज्वारीची भाकरी वेगळी, धुणं वाळत घालणं, पाण्याची घागर उचलणं, हे सगळं ती करते. तिची नोकरी संपवायची तर तिचं काम कोणाकडे जाणार, याचं उत्तर आधी हवं. ते न शोधता गोळी बंद केली तर गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा पाकिटातून बाहेर येणार, यात मला शंका नाही.

म्हणून हे डॉक्टरांइतकंच घरच्यांचं काम आहे. भाकरी-चपाती आता गावोगाव पोळी-भाजी केंद्रांत विकत मिळते. निदान तीन महिने संध्याकाळच्या बाहेरून आणा. सासऱ्यांना ती रुचणार नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे. न रुचू दे. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा. शाळेत वर्ग तळमजल्यावर मागून घ्या, मणक्याच्या ऑपरेशनची फाईल असताना मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत. फिजिओथेरपी तुम्ही तीन आठवड्यांत सोडलीत, कारण ‘वेळ नव्हता’. ती पुन्हा सुरू करायची, आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाइतक्याच गंभीरपणे करायची. वेदनेवर या गटाबाहेरची औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांनाच निवडू द्या. एसिटालोप्रामसोबत काय चालतं आणि काय नाही हे बघावं लागतं. आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, सात दिवसांत पाठ मोकळी’ असल्या निनावी पुड्यांच्या वाटेला जाऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलेलं आहे. आगीतून फुफाट्यात कशाला!

आता सांगायचं कोणाला?

आधी डॉक्टरांना, आणि शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांना. या शब्दानं दचकू नका. गोळ्यांची सवय सोडवणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. मिरजेसारखं डॉक्टरांचं गाव तुमच्या उशाशी आहे, तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. खुर्चीत बसल्या बसल्या, पाठदुखीची कहाणी सुरू व्हायच्या आत हे म्हणून टाका: “डॉक्टर, मी ट्रामाडॉलच्या रोज आठ, कधी बारा गोळ्या घेते. चार वर्षं झाली. याआधी खोटं सांगत होते. बंद केल्या की फार त्रास होतो. मला यातून बाहेर पडायचंय.” तोंडातून शब्द फुटणार नाहीत असं वाटलं तर कागदावर लिहून न्या आणि तो कागद पुढे सरकवा. त्यांच्यासाठी यात काही नवं नाही. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातले जवळपास एक टक्का लोक अफूच्या गटातली औषधं वैद्यकीय गरजेबाहेर घेत असल्याचं आढळलं होतं. शंभरात एक. तुमच्या शाळेच्या पालकसभेतही तुमच्यासारखं कोणीतरी बसलेलं असणार.

डॉक्टर काय करतील? एक रस्ता म्हणजे आहे तीच गोळी ठरावीक टप्प्यांनी कमी करत नेणं, बहुतेकदा दर एक-दोन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा, त्रास झाला तर मध्ये थांबा. दुसरा रस्ता म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली विरघळवायचं औषध. ते तलफ आणि त्रास दोन्ही आवरतं आणि माणूस रोजची कामं करू शकतो. ‘एक सोडायला दुसरं धरायचं’ म्हणून लोक त्याला नाकं मुरडतात. मला हा आक्षेप पटत नाही. मोजून-मापून, डॉक्टरांच्या नजरेखाली घेतलेलं औषध आणि तीन मेडिकलमधून गोळा केलेल्या गोळ्या एका पारड्यात घालता येत नाहीत. पोट, झोप, घालमेल यांच्यासाठीही औषधं आहेत. काही महिने लागतील. टप्प्याटप्प्यानं जाताना शेवटचा भाग बऱ्याच जणांना सगळ्यात जड जातो. म्हणून सुट्टीचा उपयोग असा करा: सुरुवात आत्ताच, शाळा चालू असताना, आणि शेवटचे जड आठवडे जमल्यास मे महिन्यात येतील असं डॉक्टरांशी बोलून बघा. तुमच्या मूळ बेतातली तेवढी गोष्ट चांगली होती.

एखादे डॉक्टर आकडा ऐकून चिडले किंवा घाबरून म्हणाले, “आजपासून एकही नाही,” तर तिथे वाद घालू नका. दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण जा. एसिटालोप्रामही आपल्या मनानं बंद करायचं नाही, त्याचाही निर्णय तेच घेतील.

व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हावं लागेल का, ही तुमची भीती. बहुतेक वेळा नाही, ओपीडीतून भागतं. आधी फिट येऊन गेली असेल, झोपेच्या गोळ्या किंवा दारूही रोजची असेल, गर्भारपण असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर भरती होणं सुरक्षित. “तिथे दारुडे असतात,” असं तुम्ही लिहिलंय. असतात. बँकेतले, शेतातले, कॉलेजातले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं तेव्हा समोर प्रामुख्यानं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यातली पोरं होती. आज तिथे स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे, याचा अर्थ तुमच्याआधी अनेक बायका त्या दारातून आत गेल्या आहेत. मात्र केंद्राचा बोर्ड दिसला म्हणून कुठेही पाऊल टाकू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ नेमानं येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. मारून-बांधून व्यसन सोडवणारी दुकानंही आपल्याकडे आहेत. त्याच कायद्यानं तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही तुम्हाला दिला आहे. शाळेला वैद्यकीय प्रमाणपत्र लागलं तर त्यावर काय लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

झेरॉक्सचं काय? ते आजच फाडून टाका. ट्रामाडॉल २०१८पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. त्याआधीपासूनच ते एच-१ यादीत आहे, म्हणजे मेडिकलवाल्यानं वेगळ्या रजिस्टरमध्ये नाव, डॉक्टर, गोळ्यांची संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पाकिटावरची लाल चौकट त्याचसाठी असते. तिसऱ्या मेडिकलमधला मुलगा न विचारता देतो तेव्हा तो तुमच्यावर उपकार करत नाही. उपचारासाठी स्वतःहून पुढे आलेल्या व्यसनग्रस्ताला कायद्यात संरक्षणाची तरतूद आहे, पण चिठ्ठीवरची तारीख खोडणं ही वेगळी भानगड आहे, तिला ते संरक्षण पुरणार नाही. नवी खरी चिठ्ठी मिळाली की एकच मेडिकल ठेवा, आणि जमलं तर त्या मेडिकलवाल्याला स्वतः सांगा, “चिठ्ठीपेक्षा जास्त मागितल्या तर देऊ नका.”

आता ‘हे’. तुम्ही लिहिता, स्वभावानं सरळ आहेत पण तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगितलं की उद्या नणंदेच्या व्हॉट्सॲपवर जाईल. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तरी माझं मत सांगावं असंच आहे, फक्त घाई नको. आधी डॉक्टरांची भेट होऊ दे, योजना हातात येऊ दे. मग दुसऱ्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. घरी भांडणाच्या भरात कळणं आणि दवाखान्यात एका आजारासारखं कळणं यात फार फरक पडतो. नणंदेबद्दल त्यांना स्पष्टच सांगा: “हे आपल्या दोघांत. मला झेपेल तेव्हा मी सांगेन.” एवढं सांगूनही बातमी फुटलीच, तर फुटली. दोन महिने कुजबूज होईल. बारा गोळ्यांपेक्षा ती परवडली.

त्यांना काय करायचं तेही नेमकं सांगा, नाहीतर पुरुष एकदम पोलीस होतात. पर्स तपासायची नाही, “आज किती घेतल्या?” असं दर तासाला विचारायचं नाही. आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या भरून डबी आपल्या ताब्यात ठेवायची आणि रोजच्या रोज द्यायच्या. संध्याकाळी भाकरी-चपाती आणायची. आणि तुम्ही चिडचिड कराल, विनाकारण रडाल, त्या दिवसांत वाद वाढवायचा नाही. नवरा या कामाचा नसेल, हे प्रत्येकीला आपापलं कळतं, तर बहीण चालेल, शाळेतली एखादी घट्ट मैत्रीण चालेल. कोणीतरी एक मात्र हवं. अगदी कोणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनांसाठी वेगळी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ ही आहे.

सासूबाईंच्या गोळ्या कुलपात गेल्या पाहिजेत, किल्ली तुमच्याकडे नको. आणि त्यांचे डॉक्टर भेटतील तेव्हा विचारा, त्यांना तरी ही गोळी इतकी वर्षं लागते आहे का. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चक्कर, बद्धकोष्ठता, पडणं हे या गोळीनं होऊ शकतं. त्यांच्या पाकिटातून गोळ्या गेल्याचं त्यांना सांगायचं की नाही, ते तुमच्यावर सोडते. मी असते तर सांगितलं असतं, पण बरी झाल्यावर.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. गोळी वेगळी असेल, टापेंटाडॉल असेल किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल, तरी रस्ता हाच. डोकेदुखीवर महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस साध्या गोळ्या खाणाऱ्यांना त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते, त्यांनी न्यूरॉलॉजिस्टना गाठावं. ‘एसआर’ लिहिलेल्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कमी करायच्या म्हणून मोडू नका, चुरू नका. सगळं औषध एकदम अंगात उतरतं. आणि घरात कॅन्सरचं दुखणं असेल तर हा लेख वाचून त्या माणसाची मॉर्फिनची गोळी कृपया कमी करू नका. त्यांचा प्रश्नच निराळा आहे, आणि आपल्या देशात त्यांना ती मिळते त्यापेक्षा न मिळण्याचीच अडचण मोठी आहे. फिट आली, माणूस जागा करूनही उठेना, श्वास फार मंद वाटला, ओठ निळसर दिसले, तर वाट न पाहता १०८. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

भेटीपर्यंतच्या दिवसांसाठी, ताई, एवढंच करा. एक छोटी वही घ्या. प्रत्येक गोळीची वेळ लिहा आणि पुढे कारण: दुखलं म्हणून, दुखेल म्हणून, काम होतं म्हणून, उगाच. स्वतःहून कमी करायच्या मागे लागू नका, पण आठच्या वर अजिबात जाऊ नका आणि वरून ६५०ची गोळी नाही, झोपेची तर नाहीच. शनिवारी तुमची सकाळची शाळा असते, खासगी दवाखान्यात दुपारची वेळ मिळून जाईल. सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर केसपेपरची खिडकी लवकर बंद होते, एक किरकोळ रजा टाका. ऑपरेशनची फाईल, एमआरआय, चालू असलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं आणि ती वही बरोबर असू दे. आणि डॉक्टरांसमोर बरं दिसावं म्हणून त्या दिवशी सकाळच्या गोळ्या टाळून जाऊ नका. तसं करायला त्यांनीच सांगितलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर रोज जशा असता तशाच जा, म्हणजे त्यांना खरं चित्र दिसेल.